तळटिपेतला वीरभद्र

वीरभद्र अहलकाराची गोष्ट सांगायची तर आधीच एक साफ सांगतो: मला तो माणूस आवडत नाही. तेव्हाही नव्हता, आजही नाही. उमरग्याच्या तहसिलीत कारकून म्हणून दिवसभर उर्दूत कागद खरडायचे, घरी कानडी बोलायचं, बाजारात मराठी, आणि जुम्म्याची सुट्टी आली की सायकलीवर टांग टाकून जुन्या विहिरी नि देवळं हिंडायची, हा त्याचा जन्माचा उद्योग. अक्षरं कोरलेला दगड दिसला की त्यावर मूठभर पीठ चोळून उन्हात वाचत बसायचा. खिशात कायम भाजलेल्या शेंगा. तुम्हाला हव्यात का हे विचारायचा नाही, थेट मुठीत कोंबायचा. असल्या माणसावर कुणी रागवू शकतं का? मी रागवायचो.

मी रामकिसन, नळदुर्गाच्या शाळेतला मास्तर. पुण्याच्या एका संशोधनाच्या त्रैमासिकात शिलालेखांवर माझे लेख यायचे, दरसाल, न चुकता. अंक सोलापुराकडून यायचा. निजामी हद्दीवरच्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर तो उलटापालटा करून बघायचे, निजाम सरकारविरुद्ध आत काही नाही ना म्हणून. हातात पडला की मी आधी लेख वाचत नसे. आधी तळटिपा! पानाच्या तळाला बारीक अक्षरात, आपण कुणाचं लिखाण बघून बोलतोय ते लेखक सांगतो ना, तीच ती. माझं नाव कुणी घेतलंय का, एवढंच मला बघायचं असे.

आणि दिसायचं काय? ‘पाहा: वीरभद्र, उमरगा.’ लेखक निराळा, विषय निराळा, आणि खाली हा बसलेलाच! अहो, या गड्यानं लेख लिहिला होता एक. एकच! कुठल्याशा विहिरीतल्या दगडावर. माझी तळपायाची आग मस्तकात जायची. वर काय लिहिलंय हे वाचायला थांबतो कोण? मी अंक कोनाड्यात आपटायचो. आवाज ऐकून आमची मंडळी, कमलबाई, आतून म्हणायची, "आला वाटतं वीरभद्र."

निजामाच्या सरकारी फसली सनाचं तेराशे त्रेपन्न, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे चव्वेचाळीसचा उन्हाळा होता. उमरग्याचे आडतदार हणमंतप्पा शेतात विहीर खणत होते, तर खाली कडीत ओवलेले तांब्याचे पत्रे सापडले. ताम्रपट! तोही कुणीच न वाचलेला. आयुष्यात एकदा असलं काही हाती लागावं म्हणून माणूस झुरतो. जो पहिला वाचेल त्याचं नाव राहणार. मी मोटारीनं उमरगा गाठलं, तर हा आधीच ओट्यावर बसून शेंगा सोलतोय.

हणमंतप्पा म्हणाले, "दोघांला दिला तर तुमी भांडून पत्रे वाकवाल. एकालाच देणार. तुमच्यात मोठा कोण, ते सांगा."

"सोपं आहे," मी म्हणालो, "कुणाचे लेख किती, मोजा."

"आडतीत माल आला किती, ते कुणी इचारत न्हाय मास्तर. उचलला किती?"

"लेखाची उचल कशी कळायची?"

"तळटिपा हायेत की," वीरभद्र तोंडातले दाणे चावत म्हणाला. "मास्तरांकडं सगळे अंक असतेत. आणतील ते."

मेल्यानं बरोबर अडकवलं! पण मी डगमगलो नाही, कारण तळटिपांत माझं नाव काही कमी नव्हतं. पुढच्या जुम्म्याला अंकांचं गाठोडं घेऊन गेलो आणि एकेक पान उघडून दाखवू लागलो. हे बघा रामकिसन, हे बघा पुन्हा रामकिसन.

"हा लेख कुणाचा?" हणमंतप्पांनी विचारलं.

"माझाच."

"आन् हा?"

"तोही माझाच. आपल्या आधीच्या लेखाचा हवाला द्यायची पद्धत असते."

"आपलाच माल आपणच उचलायचा, त्याला खप म्हणत न्हाईत, मास्तर. दुसऱ्यांचे दाखवा."

दुसऱ्यांचे काय दाखवतो, कप्पाळ! दुसऱ्यांच्या लेखांत सगळीकडं वीरभद्र. ओट्यावर येणारेजाणारे थांबून बघत होते, माझे कान तापले. चिडून मी हाताला आला तो अंक पुढं ओढला आणि त्या तळटिपेच्या वरचा मजकूर पहिल्यांदा वाचला. वाचला, आणि उडालोच. दुसरा अंक बघितला, तिसरा बघितला. सगळीकडं तेच!

"ऐका!" मी ओरडलो. "‘वीरभद्र यांनी दिलेलं साल साफ चुकलं आहे.’ आणि हे, ‘वीरभद्र यांचं म्हणणं टिकत नाही.’ हणमंतप्पा, हे नाव घेतायत ते चूक दाखवायला!"

चूकही कसली! त्याच्या त्या विहिरीतल्या दगडावर आकडा तेवढा शाबूत, शेजारची अक्षरं झिजलेली. साल होतं शकाचं. हा तहसिलीत जन्मभर फसली साल लिहिणारा, यानं ते फसली धरलं आणि विहीर पाचशे वर्षांनी अलीकडं आणून ठेवली. मला इतका आनंद झाला की काय सांगू! आता तोंड कसं लपवतो बघू, म्हणून मी वीरभद्राकडं वळलो.

तो हसत होता. "व्हय की. लई मोठी चूक. पर ती दुरुस्त कराया पुण्याची मान्सं हितवर आली, दगड परत वाचला, आन् विहीर बांधणारा राजा घावला. न्हाईतर मला तरी कुठं ठावं होतं?"

हणमंतप्पांनी अंक मिटून माझ्यापुढं सरकवला. "मास्तर, ह्यांचा माल खराब निघाला, खरंय. पर उचलला म्हणून कळलं. तुमचा कसा हाय?"

माझं बरोबर होतं की चूक, हे बघायलासुद्धा कुणी आलं नव्हतं. पत्रे वीरभद्राच्या हातात गेले. निघताना त्यानं माझ्या मुठीत शेंगा कोंबल्या नि म्हणाला, "मास्तर, तुमचा त्यो भूम गावाकडच्या शिलालेखावरचा लेख म्या वाचलाय. बोलायचंय एकदा." जखमेवर मीठ, दुसरं काय! शेंगा मी मोटारीच्या अड्ड्यावर फेकून दिल्या.

पुढच्या साली ताम्रपटावरचा त्याचा लेख आला. वाचायचा नाही असं ठरवलं होतं, पण नजर सवयीनं पानाच्या तळाला गेलीच. ‘पाहा: रामकिसन मास्तर, नळदुर्ग.’

मी वर वाचलं. ताम्रपटातल्या गावाचं नाव भूमकडच्या शिलालेखातही येतं, म्हणून ते गाव रामकिसन मास्तरांनी आपल्या लेखात भूमकडं दाखवलं आहे, मांडणी मेहनतीची आहे, पण ती चूक आहे. ते गाव नळदुर्गालाच, बोरी नदीच्या काठी होतं. म्हणजे माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर! काय संतापलो मी! पुन्हा वाचलं. मग उजेडाला नेऊन आणखी एकदा वाचलं.

अंक आपटल्याचा आवाज आला नाही, म्हणून कमलबाई हात पुसत बाहेर आली. "वीरभद्र नाही का आला?"

"मी आलोय," मी बोट ठेवून दाखवलं.

तिला वाचता येत नव्हतं. "काय लिहिलंय?"

"माझं चुकलं म्हणतोय."

"मग रडताय कशाला?"

"वाचलाय गं त्यानं," मी म्हणालो. "सबंध वाचलाय. आणि वाचला तो कुणी, तर ह्यानं!"