गोजी, वॉरफरिन आणि माझा डावा डोळा

डोळ्यांच्या इजिप्शियन डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाले, "सबरेटायनल हॅमरेज." म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे झालेला रक्तस्राव. स्क्रीन मी उजव्या डोळ्याने पाहिली. डाव्याला मधोमध नुसता काळा डाग दिसत होता. "मधली दृष्टी परत येईल असं वचन मी देणार नाही," ते म्हणाले. मग विचारलं, "रक्त पातळ करायची गोळी घेता?"

घेते. माझ्या हृदयात धातूची झडप आहे. तिच्यावर रक्ताची गुठळी जमू नये म्हणून वॉरफरिन ही गोळी जन्मभर. गोळी कमी पडली तर गुठळी मेंदूत जाणार, जास्त झाली तर कुठूनही रक्त येणार. यासाठी आयएनआर नावाची तपासणी असते. रक्त गोठायला नेहमीपेक्षा किती पट वेळ लागतो, ते ती सांगते. मी स्वतः लॅब टेक्निशियन. रोज दुसऱ्यांचे आयएनआर काढते, त्यामुळे माझी गोळी कधी चुकत नाही. पालेभाजीसुद्धा मी मोजूनमापून खाते.

थंडीत सासूबाई व्हिजिट व्हिसावर नाशिकहून इथे आखातात, आमच्या महबूल्याच्या फ्लॅटमध्ये आल्या. लग्नाला वीस वर्षं झाली, पण त्यांनी माझ्यासाठी मुद्दाम काही केल्याचं मला आठवत नाही. या वेळी त्यांनी डिंकाचे लाडू केले. "मंजू, तुझ्यासाठी केलेत. खा म्हणजे अंगात ताकद येईल," म्हणाल्या. मी हुरळून गेले. इतकी हुरळले की लाडवात लाल काय आहे, हे एकदाच विचारलं.

"मनुका गं. खाताना प्रश्न विचारू नये."

महिन्याभरात हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. दंडावर निळे डाग उमटले. आयएनआर पाहिजे त्याच्या दुप्पट निघाला. हृदयाचे डॉक्टर आमच्या नागपूरचे. त्यांनी मराठीतच विचारलं, "नवीन औषध? अँटिबायोटिक? काही आयुर्वेदिक, झाडपाल्याचं?" नवरा, नितीन, खाली पार्किंग शोधत होता. मी नाही म्हटलं. शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "छे हो, घरचं साधं जेवण. काहीच नाही नवीन."

डॉक्टरांनी गोळी कमी केली. ती पूर्ण बंदही करता येत नव्हती, गुठळी होऊन झडप अडकली असती. मला त्यांनी हळूच विचारलं, "गोळी चुकून दोनदा तर घेत नाही ना?" त्या दिवसापासून मी माझ्याच डोक्यावर संशय घ्यायला लागले. गोळी घेतली की नितीनला ओरडून सांगायचे. माझा चेहरा उतरला होता. तो पाहून सासूबाईंनी एकाचे दोन लाडू केले. डॉक्टरांनी गोळी उतरवायची आणि त्यांनी लाडू वाढवायचे, असं चाललं होतं. मग एका सकाळी दात घासताना डाव्या डोळ्याला आरशात माझा चेहराच दिसेना, मधोमध काळा डाग.

वॉर्डात नागपूरचे डॉक्टर पुन्हा आले. या वेळी आम्ही तिघंही होतो. त्यांनी जरा विचार केला आणि जो प्रश्न इथला दुसरा कुठलाच डॉक्टर विचारणार नाही, तो विचारला. "थंडीचे लाडू केलेत का घरी?"

"केलेत ना," नितीन म्हणाला. "डिंक, खारीक, खोबरं आणि आईने मागवलेली ती चिनी बोरं. गोजी. डोळ्यांना चांगली म्हणे."

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले.

गोजी म्हणजे गोजी बेरी. चीनमध्ये ही लाल, वाळवलेली फळं दृष्टीसाठी आणि शक्तीसाठी पिढ्यान् पिढ्या सूपमध्ये, चहामध्ये घालतात. निरोगी माणसाने बेतानं खावीत, कोण नाही म्हणतंय! पण वॉरफरिनवर असलेल्यांनी गोजी खाल्ल्यावर आयएनआर भलताच चढल्याची उदाहरणं डॉक्टरांना माहीत होती. माझ्या जाड भिंगांच्या चष्म्यामागे डोळ्याचा पडदा आधीच नाजूक. त्याच्यामागे रक्त साचलं.

"आई, मागच्या वेळी मी विचारलं होतं," डॉक्टर म्हणाले.

"विचारलं होतंत ना," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही बंद करायला लावलं असतं. डॉक्टर लोक सगळंच बंद करतात. लिफ्टमध्ये भेटते त्या बाईचा चष्मा उतरला त्या फळाने. हिचाही उतरावा म्हणून केलं. मनुकाच म्हटलं, नाहीतर हिने तोंडाला लावलं नसतं."

लाडू थांबले, आयएनआर जागेवर आला. नजर परत आली नाही. त्यात इंजेक्शनं झाली, पुष्कळ वाट पाहणं झालं. लॅबमधले म्हणतात, मायक्रोस्कोपला एक डोळा पुरतो. त्यांचे दोन्ही शाबूत आहेत. घरी सासूबाई फोनवर नाशिकला सांगत, "त्या गोळीने डोळा घेतला हो पोरीचा." मी शेजारच्या खोलीत ऐकत असे. त्या म्हाताऱ्या आहेत, त्यांचा हेतू चांगला होता, हे मला नितीनने इतक्या वेळा ऐकवलंय की आता तो हेतू शब्द मला सोसत नाही.

तुमच्यापैकी कोणी ही गोळी घेत असेल, तर डॉक्टरांना औषधांबरोबर आपलं स्वयंपाकघरही सांगा. लाडू, काढे, चूर्ण, भेट आलेला सुका मेवा, सगळं. आणि जी व्यक्ती तुमच्यासाठी करते, तिलाच विचारून थांबू नका. डबा उघडून बघा.

सासूबाई परत निघाल्या तेव्हा विमानतळावर मी वाकून नमस्कार केला. "उरलेले लाडू मी घेऊन चाललेय," त्या म्हणाल्या. "तू काही खाणार नाहीस."

मी सरळ उभी राहिले आणि उजवा डोळा मिटून नुसत्या डाव्याने त्यांच्याकडे पाहिलं. पदर दिसला, कानातल्या कुड्या दिसल्या, हातातली पिशवी दिसली. त्यांचा चेहरा मात्र त्या डोळ्याला दिसला नाही. मी देवाचे मनापासून आभार मानले.