मुगाच्या मानेचा मोर

आमच्या घरात काही फेकायचं असेल तर आधी आत्याला विचारावं लागे. रिकामी काडेपेटी, तडकलेली बांगडी, जुनी लग्नपत्रिका, साबणाचा खोका, सगळं एकदा तिच्या नजरेखालून जायचं. "राहू दे, लागेल," एवढंच ती म्हणायची आणि वस्तू आपल्या पत्र्याच्या पेटीत टाकायची. ही माझ्या वडिलांची धाकटी बहीण. इंदिरानगरात आमच्या दोन खोल्यांच्या घरात ती आमच्याबरोबरच राहायची आणि अंबडच्या एका कंपनीत मोटारीच्या कॉइल गुंडाळायला जायची. दिवसभर तांब्याची तार गुंडाळून आलेली बाई संध्याकाळी पुन्हा लोकर गुंडाळत कशी बसते, याचं माझ्या आईला भारी नवल वाटे. मला वाटत नसे, कारण तिच्या शेजारी मीही गुंडाळतच बसलेली असायचे.

ही नव्वदच्या दशकातली, मी आठवी-नववीत असतानाची गोष्ट. अभ्यासात मी बेताची होते आणि गाण्यात त्याहून बेताची. पण आत्याने माझ्या हातात कात्री दिली, आणि आपल्यालाही काहीतरी येतं हे मला पहिल्यांदा कळलं. जुन्या काचेच्या बांगड्या घ्यायच्या, त्यांना रंगीबेरंगी लोकर जवळजवळ गुंडाळायची, मध्ये काच दिसता कामा नये. मग तीन-तीन बांगड्या एकाखाली एक बांधून माळा करायच्या, शेवटी लोकरीचा गोंडा. झालं दाराचं तोरण. साबणाच्या वडीला कडेने टाचण्या टोचून त्यांतून साटीनची रिबीन आडवी-उभी फिरवली की त्याची परडी व्हायची, आणि ती परडी ज्या कपाटात ठेवाल ते कपाट वर्षभर घमघमायचं. घाई मात्र तिला खपत नसे. माझी लोकर सैल पडली की ती काही न बोलता सगळी उसवून पुन्हा माझ्या हातात द्यायची. मला तेव्हा असा राग यायचा की विचारू नका.

आत्याच्या या सगळ्या कलेचं खरं ठिकाण म्हणजे रुखवत. लग्नात मुलीकडचे टेबलावर फराळ आणि घरी केलेल्या शोभेच्या वस्तू मांडतात, आणि मुलाकडच्या बायका नाकं मुरडायच्या तयारीने बघायला येतात. आमच्या कॉलनीतल्या मुलींची रुखवतं आत्याच्या हाताखालून गेली होती. नारळाचे नवरा-नवरी, सुपारीचे भटजी, आइस्क्रीमच्या काड्यांची तुळशीवृंदावनं. तिचं स्वतःचं लग्न मात्र राहूनच गेलं होतं. आधी आजोबांचं आजारपण, मग पत्रिका, मग वय. आणि ती पस्तिशीला आली तेव्हा देवळाली कॅम्पातून स्थळ आलं.

गृहस्थ शिंपी होते. कॅम्पच्या बाजारात त्यांचं लष्करी गणवेश शिवायचं दुकान होतं. बायको तापाचं निमित्त होऊन गेलेली, घरी म्हातारी आई आणि सात वर्षांची मुलगी. माणूस मऊ, कमी बोलणारा. आत्याला आवडला, हे तिने चहाच्या कपबशा विसळताना गुणगुणायला सुरुवात केली तेव्हाच आम्हाला कळलं. प्रश्न होता तो मुलीचा. पहिल्या भेटीत ती वडिलांच्या मागे लपली. दुसऱ्या भेटीत आत्याने तिच्यासाठी लोकरीची बाहुली नेली, तर तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि घट्ट बांधून ठेवले. बाहुली परत आमच्या घरी आली.

त्या संध्याकाळी आत्या ओट्यापाशी बराच वेळ उभी होती. मग आईला म्हणाली, "वहिनी, माझ्याशी ती एक शब्द बोलली तरी मला पुरे आहे. बाकी मला त्या घरातून काही नको."

 आईने नुसता आत्याच्या पाठीवर हात ठेवला.

लग्न वैशाखात धरलं. संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणजे हातात वेळ होता. पण आत्याने रुखवताला साफ नकार दिला. या वयाच्या नवरीचं कसलं रुखवत, लोक हसतील, असं तिचं म्हणणं. आई हट्टाला पेटली. सगळ्या कॉलनीचं मांडलंस आणि तुझंच नाही मांडलं तर मी कार्यालयात पाय ठेवायची नाही, असं तिने सांगून टाकलं. शेवटी आत्या एका अटीवर तयार झाली. बाजारातून सामान आणायचं नाही, आणि मांडायचंच असेल तर त्या पोरीला हात लावावासा वाटेल असं काहीतरी मांडायचं.

त्या पोरीला काय आवडतं हे कुणाला ठाऊक होतं? माझे वडील शिंपीकाकांना विचारून आले. कॅम्पातल्या मोठ्या झाडांत मोर ओरडायचे, आणि आवाज आला की मुलगी हातातलं जेवण टाकून खिडकीशी पळायची, असं ते म्हणाले. झालं, मोर ठरला.

शनिवारी आत्याच्या कंपनीला सुट्टी असायची. एका शनिवारी आत्याने टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा जमिनीवर पसरला आणि खडूने मोर काढला. त्यात रंग भरायचे ते धान्याचे. मानेला हिरवे मूग, अंगाला उडीद, पिसाऱ्याच्या डोळ्यांना मसूर, त्याभोवती चणाडाळ, कडेने साबुदाणा आणि पायाशी खाण्याच्या रंगात रंगवलेला रवा. पद्धत अगदी सोपी. पांढरा गोंद एका वेळी तळहाताएवढ्याच जागेत लावायचा, नाहीतर वाळून जातो. मग दाणे एकेक करून बसवायचे आणि काडीने सरळ करायचे, सगळ्यांची तोंडं एका दिशेला. आमच्या घरी शेजारच्या मुली जमायच्या, त्यातल्या दोघींची लग्नं व्हायची होती. त्या मोरावर वाकून बसल्या की दुपार कुठे जायची कळायचं नाही.

आणि त्या मोराला काय तकाकी आली होती! मूग पाचूसारखे चमकायचे. शेजारच्या काकूंनी विचारलंसुद्धा की डाळ कुठून आणली. आई नुसती हसली. मला वाटलं, आमच्या हातांचा गुण. मोर पुरा झाला तेव्हा तो आम्ही वर्तमानपत्रात गुंडाळून कॉटखाली आडवा ठेवला, आणि लग्नाच्या दिवसापर्यंत त्याला कुणी हलवलं नाही.

लग्नाच्या दिवशी कार्यालयात टेबलं लावली. बांगड्यांची तोरणं, साबणाच्या परड्या, कापसाचे ससे, आणि मधोमध भिंतीला टेकवून मोर उभा केला. पहिल्यांदाच उभा. अक्षता पडल्या, पंगतीची तयारी सुरू झाली आणि मुलाकडच्या बायका रुखवत बघायला आल्या. बघता बघता पहिला मूग टेबलावर पडला. मग दुसरा. मग वैशाखातल्या त्या उकाड्यात मोराची मान, मग अंग, मग पिसारा असा सुटला की दाणे टेबलावरून खाली, खालून सतरंजीवर, तिथून बायकांच्या पायांत.

मुलाची चुलती मोठ्याने म्हणाली, "मोर झडतोय की ओ. लग्नाच्या दिवशी हे चांगलं नाय दिसत."

आई धावत आली. तिने एक मूग उचलला, दोन बोटांत चोळला, नाकाशी नेला, आणि तिचा चेहराच उतरला. एरंडेल! दर उन्हाळ्यात आई वर्षाच्या गव्हाला आणि डाळींना कीड लागू नये म्हणून एरंडेलाचा हात फिरवून ठेवायची. मोर वैशाखापर्यंत टिकवायचा होता, त्यात पोरकिडे झाले तर सासरी शोभा होईल, म्हणून तिने कुणाला न सांगता सगळ्या कडधान्यांना आधीच तेल चोळून ठेवलं होतं. तेलकट दाण्याला गोंद धरणार कसा? आडवा होता तोवर मोर बिचारा नुसता विसावला होता.

आई तिथेच डोळ्यांना पदर लावून रडायला लागली. मी तिला खुर्चीवर बसवलं. माझाही जीव नुसता जळत होता. आत्याने एवढ्या जणींची रुखवतं मांडली, कुणाचं काही पडलं नाही, आणि नेमकं तिचंच. त्या चुलतीच्या पानात मोराचे सगळे मूग वाढावेत असं मला वाटत होतं.

तेवढ्यात मला टेबलाखाली परकर दिसला. ती मुलगी तिथे उकिडवी बसली होती. एका मुठीत मूग, दुसरीत मसूर, आणि उडीद परकराच्या ओच्यात. कुणी सांगितलं नव्हतं, पण ती दाणे वेचत होती आणि वेगळे करत होती. बाहेर बायकांचं काय चाललंय इकडे तिचं लक्षच नव्हतं.

आत्या आली. कपाळाला मुंडावळ्या, अंगावर नवा जांभळा शालू. तिने वर मोराकडे पाहिलं, मग खाली मुलीकडे. ती सरळ सतरंजीवर बसली आणि मुलीसमोर तळहात पुढे केला.  मुलीने तिच्याकडे बघितलं, मुठीतले मूग बघितले, मग विचारलं, "हे चिकटत का नाही?"

आत्याने आवाज नेहमीसारखाच ठेवला. "तेल लागलंय. आधी पुसायला लागतात. पुसशील?"

मुलगी इकडेतिकडे फडकं शोधू लागली. आत्याने शालूचा पदर तिच्यापुढे पसरला.

खुर्चीवरून आई "अगं, अगं" म्हणत उठायला लागली, पण वडिलांनी तिला खाली बसवलं. एकेक मूग त्या जरीच्या पदरात चोळला गेला. पंगत वाढली गेली, दोनदा बोलावणं आलं, पण नवरी उठायला तयार नाही. शेवटी शिंपीकाकाच टेबलापाशी आले आणि त्या दोघींची ताटं तिथेच आणायला सांगितली.

सगळे दाणे काही मिळाले नाहीत. बरेच कार्यालयाच्या झाडूत गेले. राहिलेले आत्याने कॅम्पच्या घरी नेऊन मुलीबरोबर पुन्हा बसवले, तरी मोराची निम्मी मान उघडीच राहिली. आत्या म्हणाली नवे मूग लावू, तर मुलगी म्हणाली, ते त्याचे नाहीत. मग तो तसाच राहिला.

पुढे आम्ही सुट्टीत कॅम्पला जायचो तेव्हा दारावर त्या दोघींनी केलेलं बांगड्यांचं तोरण असायचं, दुकानातल्या चिंध्यांची गोधडी असायची. भिंतीवर मुलीच्या आईच्या फोटोला रिबिनीच्या फुलांचा हार असायचा, तोही दोघींनी मिळून केलेला, दर दिवाळीला नवा. मुलगी आता भरपूर बोलायची. फक्त आत्याला ती कुठल्याच नात्याने हाक मारायची नाही. "ऐका ना" वर तिचं काम भागायचं. आत्यानेही कधी आग्रह केला नाही. एकदा मी खोचून विचारलं तर म्हणाली, बोलते ना माझ्याशी, मग झालं तर.

माझी आई मात्र त्या एरंडेलातून सुटली नाही. घरात कुठेही डाळ दिसली की वडील विचारायचे, तेल लावलंय का. ती हसायची, पण तिला ते लागायचं हे मला माहीत आहे. नणंदेच्या एकुलत्या एका हौसेवर आपण पाणी फिरवलं, हे तिच्या मनातून काही जाईना.

दोन हजारचं दशक अर्धंअधिक उलटल्यावर त्या मुलीचं लग्न ठरलं. तोवर रुखवत भाड्याने मिळायला लागलं होतं. थर्माकोलची देवळं, बॅटरीवर फिरणारी बैलगाडी, दुकानवाले संध्याकाळी येऊन परत घेऊन जायचे. मुलीने ते नाकारलं आणि आत्याबरोबर बसून सगळं घरी केलं. मीही चार दिवस रजा टाकून गेले. आत्याने माझ्या परडीची रिबीन अजूनही सैल आहे म्हणून उसवली. या वेळी मला राग आला नाही. या बाईने माझ्या हातांवर किती वेळ खर्च केला होता, हे मला कळायला लागलं होतं, आणि मला नुसतं तिच्या शेजारी बसून राहावंसं वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी टेबलाच्या मधोमध मुलीने स्वतः मोर आणून ठेवला. तोच, अर्ध्या मानेचा. मुलाकडच्या एका बाईने कुतूहलाने विचारलं की एवढ्या सुंदर वस्तूंत हा उघड्या मानेचा मोर कशाला.

मुलगी म्हणाली, "माझ्या आईच्या रुखवतातला आहे. आम्ही दोघींनी केलाय."

आत्या नारळाच्या नवरीला नथ लावत होती. तिचा हात थांबला. मग ती तशीच, नथ हातात धरून, खाली मान घालून उभी राहिली, आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत राहिलं.

माझी आई गर्दीतून पुढे सरकली. पदर नीट केला आणि त्या पाहुण्या बाईकडे वळून, घरातल्या मोठ्या बाईच्या थाटात म्हणाली, "त्याला एरंडेल मी लावलं होतं."