कान विकाऊ नसतात

परवा हिंगणघाटच्या टॉकीजमध्ये पडद्यावर टेलिफोनचा जुना बोर्ड दिसला, ओळीनं भोकं, लोंबणाऱ्या दोऱ्या, कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस, आणि मला खुर्चीत नीट बसवेना. कारण असा खरा माणूस माझ्या शेजारीच बसला होता. समुद्रपूरच्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून ज्यांनी हयात घालवली ते आमचे शेजारचे काका, आता ऐंशी पार. मीच त्यांना हौसेनं घेऊन गेले होते.

सिनेमा हेरांचा. आठ-नऊ नामांकित नटनट्या, जो तो दुसऱ्याच्या मागावर, आणि मरणाचीही थट्टा. खोटं कशाला बोलू, मध्यंतरापर्यंत मी पोट धरून हसले. नटांची जुगलबंदी अशी की कुणाकडे बघावं कळेना. संवादांना धार, विनोदाच्या तळाशी चांगलाच काळोख. मग तो ऑपरेटर आला. एका स्कूटरसाठी लोकांची बोलणी विकणारा, लाळघोट्या, आणि शेवटी आपल्याच तारांत अडकून शॉक लागून मेलेला. सगळं थिएटर खदखदून हसलं. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. ज्याच्या कानावर पडतं तो विकतोच, असं लिहिणाऱ्यानं धरूनच ठेवलेलं. दुसरा माणूस त्यानं पाहिलाच नसावा.

मी पाहिला आहे. चाळीसेक वर्षांपूर्वी ताईचं लग्न वडनेरला ठरलं, सुपारी फुटली, आणि एका दुपारी ताई एक्स्चेंजमध्ये जाऊन नागपूरला ट्रंक कॉल लावून आली. तीन मिनिटं बोलली. घरी येऊन म्हणाली, मी हे लग्न करणार नाही. कुणाशी बोललीस, काय बोललीस, विचारून सगळे थकले. ती एक नाही की दोन नाही. बाबा गावातलं वजनदार माणूस, तडक काकांकडे गेले. काकांनी हात जोडले. म्हणाले, "भाऊ, लाइन जोडनं माह्यं काम. आतलं बोलनं माह्यं नाई." बाबांनी वरपर्यंत ओळखी लावून त्यांची बदली पार गडचिरोलीकडे करवली. बायकोपोरांना समुद्रपुरात ठेवून हा माणूस सहा वर्षं तिकडे हातानं भाकरी थापून राहिला, आणि परत आल्यावरही आमच्या घराबद्दल त्यानं वावगा शब्द काढला नाही. त्या माणसाची किंमत काय, तर म्हणे स्कूटर!

बाहेर चहा घेताना मी हे सगळं तावातावानं बोलले. काका आपले हसत होते. त्यांचा राग निराळाच: पिक्चरवाल्यानं दोरी चुकीच्या भोकात घातली होती, अशानं नागपूर लागलं असतं काय? ऑपरेटरच्या मरणाचं त्यांना काहीच नव्हतं.

ताई मागच्या साली गेली. लग्न तिनं केलंच नाही. नर्स होऊन जन्मभर दुसऱ्यांची दुखणी काढली आणि त्या फोनचा उलगडा कुणालाच केला नाही. बाबा तर केव्हाच गेले. आता कुणाचं काय बिघडणार होतं? मी कप खाली ठेवला आणि काकांना विचारलं, ताई त्या दिवशी काय बोलली हो?

त्यांचं हसू मावळलं.

"काऊन वं पोरी, तू बी तुह्या बाबासारखीच निंगाली काय? तिले सांगाचं असतं तं तिनंच सांगतलं नसतं?"

आम्ही परतीची एसटी धरली. खिडकीबाहेर कपाशीची वावरं मागे सरकत होती. त्या सिनेमावाल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण त्यानं निदान स्कूटर तरी देऊ केली; मी एक तिकीट आणि एक कट चहा घेऊन सौद्याला गेले होते. काका माझ्या खांद्यावर मान टाकून झोपले होते. ताईचं म्हणून या जगात आता ती तीन मिनिटंच उरली आहेत, आणि ती माझ्याजवळ नाहीत हे बरंच आहे.