तीस मिलिमीटर बाहेर: काळेवाडी ते चाकण, रिमच्या शोधात

खंडेनवमीला, हत्यारं-यंत्रं पूजेला बसलेली असताना, कामासाठी चाकणला जाऊ नये, एवढं इथे राहणाऱ्या कुणालाही कळतं. तरी गेले, कारण दादा रिम घ्यायला एकटाच निघाला होता.

दादा माझा मोठा भाऊ. त्याचा छोटा मालवाहू ट्रक आहे, चाकणच्या एका कंपनीचे सुटे भाग पोहोचवतो. पावसाळ्यात भरल्या गाडीत पुढच्या चाकाचं बेअरिंग गेलं, रिमही वाकला. गाडी उभी राहिली आणि कंपनीने दुसऱ्याची लावली. दसऱ्यानंतर त्याला परत बोलावलंय, पण गाडी पुन्हा बंद पडली तर येऊ नका, असं सांगून. स्टेपनी लावून गाडी चालत होती. हवा होता एक रिम. दादाला चारही नवे हवे होते.

"रुंद दिसली पाहिजे गाडी," तो म्हणाला. "दसरा आहे."

काळेवाडीहून पिंपरी, भोसरी, मोशी आणि पुढे सरळ नाशिक रस्ता. शिफ्ट सुटायच्या वेळी जाऊ नका; चाकणच्या चौकाअलीकडे तासभर धूर खात बसावं लागतं. आम्ही मोशीला पोहे खाल्ले. स्वस्त, तेलकट. इंद्रायणीवर फेस तरंगत होता. पुढे कारखान्यांच्या फाटकांवर झेंडूची तोरणं, आत धुऊन पुसून बंद ठेवलेली यंत्रं. आभाळ सकाळपासून पत्र्यासारखं.

दुकान चाकणच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. मालक इथल्याच गावचे, वयस्कर. सगळे त्यांना तात्या म्हणतात.

"भोकं जुळली की चाक बसतं, ताई. आमी काय आज धंदा करतोय व्हय?"

"बसेल, तात्या. ऑफसेट किती आहे?"

"ते गिऱ्हाईक इचारत न्हाई."

तुम्ही विचारा. रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्ये एक रेषा कल्पा. बोल्ट जिथे आवळतात तो भाग त्या रेषेपासून जितका दूर, तो ऑफसेट. तो भाग बाहेरच्या अंगाला असेल तर आकडा अधिक, आतल्या अंगाला असेल तर उणे. तितक्याच रुंदीच्या रिमचा आकडा कमी झाला की चाक तेवढंच गाडीबाहेर येतं. गाडी दिसते झोकदार, पण भार बेअरिंगपासून लांब जातो आणि खड्ड्यात स्टिअरिंग हाताला ओढ देतं. आकडा बहुतेक वेळा रिमवरच कोरलेला असतो, ईटी या अक्षरांपुढे.

मी एका कंपनीत क्वालिटीला, म्हणजे माल तपासायला आहे, त्यामुळे मोजपट्टी पर्समध्ये असते. दुकानातल्या टायरवाल्याने टायर काढून जुने रिम मोकळे केले, तेव्हा बाहेर बसून एक मोजला. अधिक चाळीस. आत आले तर नारळ फुटला होता. नव्या चारही रिमना हळदकुंकू लागलं होतं.

एक रिम उलटा केला. आकड्यावर कुंकू होतं. मी अंगठ्याने पुसलं.

"पुसू नको!" दादा ओरडला.

ईटी दहा. रुंदी तीच.

"तीस मिलिमीटर बाहेर येतील चाकं, दादा. पुन्हा बेअरिंग जाईल. जुन्या मापाचा एक घे, बास."

"पूजा झालीय."

"तात्या, परत घ्याल?"

तात्यांनी रिम पुन्हा सुलटा केला. "पैशाचं न्हाई वो. पूजा झाल्याला माल परत दुकानात घेत न्हाई आमी. आजच्या दिवशी तर न्हाईच."

दादा हसला, पण मजेत नाही. "कंपनीत नापास कर की लोकांचा माल. आज माझ्या गाडीला तरी पास कर."

जुने रिम तात्यांना द्यायला मात्र मी नकार दिला. दादाने ते गाडीत मागे टाकले.

परतताना गाडी नव्या रिमवर होती, जुने चार मागे खडखडत होते. मोशीच्या वळणावर स्टिअरिंग पूर्ण फिरलं आणि टायर मडगार्डला घासला. रिकामी गाडी, तरीही. दादाने ऐकलं. त्याने गाण्यांचा आवाज वाढवला.

संध्याकाळी आईने गाडीला ओवाळलं. जिन्याखाली जुने रिम दिसले, तर त्यांनाही हळदकुंकू वाहिलं. "लोखंड आहे ना, मग आज त्याचाही मान," ती म्हणाली. तिला बाकी काही सांगितलेलं नव्हतं.

मी दादाकडे पाहिलं. "आता यांचीही पूजा झाली."

तो जिन्यापाशी गेला. एका रिमवरून हातही फिरवला. मग जेवायला आत गेला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो नव्या चाकांवरच निघाला, कंपनीच्या पहिल्या फेरीला. गाडी गेली तिथे जमिनीवर चुरडलेला झेंडू पडला होता, टायर आणि मडगार्डच्या मध्ये सापडून काळा झालेला.

जुने रिम अजून जिन्याखाली आहेत. गंज चढू नये म्हणून मी त्यांना ग्रीस लावते, कुंकवाची जागा सोडून. संध्याकाळी दादाची गाडी घराजवळच्या वळणावर आली की आधी घासल्याचा आवाज येतो. तो आवाज येईपर्यंत मी चहा ठेवत नाही.