कॅरमची चौथी बाजू

माझ्या मामाइतकं बोरॉनवर प्रेम अख्ख्या कोल्हापुरात कुणी केलेलं नाही, आणि बोरॉनला त्याची काडीचीही कल्पना नाही. शाहूपुरीतल्या त्याच्या घरी कॅरमच्या पावडरीला पावडर म्हटलं की तो स्ट्रायकरच खाली ठेवायचा. "बोरिक ऍसिड म्हण. कॉलेजात केमिस्ट्री काय उगंच शिकवली व्हय मी?" मग सुरूच. बाकीची ऍसिडं पाण्यात गेली की स्वतःचं काहीतरी सोडतात, हे मात्र पाण्यातलंच ओएच उचलतं आणि बोरेट आयन होऊन बसतं. मामी समोरून नेम धरत म्हणायची, "म्हंजे तुमच्यावरच गेलंय की. निस्तं घेतंय, देत कायबी न्हाय." झुरळांसाठी तो कणीक, साखर आणि बोरिकच्या गोळ्या वळायचा, त्या इतक्या देखण्या की शिरोळच्या पावण्यांनी एकदा एक उचलून पार तोंडाजवळ नेली. मामी आतनं ओरडली, "पावणं, ठेवा ते. झुरळांचा फराळ हाय." आणि बोरेट शिकवायचं तर सोंगट्या मांडून: मधली राणी म्हणजे बोरॉन, भोवती तीन काळ्या म्हणजे ऑक्सिजन, सगळं सपाट. चौथा ऑक्सिजन आला की ते तंबूसारखं उभं राहतं. ती चौथी सोंगटी राणीच्या डोक्यावर ठेवायचं काम मामीचं.

गेल्या वर्षी मामी गेली. मामानं बोर्ड कपाटामागं सरकवला, बोलणंही कमी केलं. एकदा डबा माझ्या हातात देत म्हणाला, "ती पावडर टाकून दे." पावडर म्हणाला. मला खरंच भीती वाटली, हा पण चालला की काय हातातनं. डबा मी टाकला नाही.

परवा रविवारी आईनं आणि मी बोर्ड बाहेर काढला, मी डबा पुढं केला. "मामा, बोरिक ऍसिड किती टाकू?"

तो उठून आला, स्वतःच टाकलं, हातानं पसरलं आणि आपल्या जागेवर बसला. आई मामीच्या बाजूला बसायला गेली.

"अक्का, तिथं नको."

"आरं, तिघांत डाव कसा व्हायचा?"

त्यानं राणी मधोमध ठेवली, भोवती तीन काळ्या. "तिघांवर बी बोरॉन टिकतोय की. चौथी जागा मोकळी ठेवतोय, एवढंच."

मग आम्ही खेळलो. मामीची पाळी आली की मामा जरा थांबायचा, मोकळ्या बाजूकडं बघायचा, आणि मग मला म्हणायचा, "हं, मार."