जावक क्रमांक एकशे सत्त्याऐंशी

१४ जून २००७ रोजी श्रीपतराव शिर्के यांनी एका बचत खात्यात ३८,७५० रुपये रोख भरले. बँकेची स्लिप मी लिहिली, कारण त्यांचा चष्मा घरी राहिला होता. खातेदार म्हणून कंपनीचे नाव नव्हते, कुणा एका माणसाचे होते.

"श्रीपतराव, हे खाजगी खातं दिसतंय."

"त्यांच्या रोखपालाचं असेल. परदेशी कंपनी, इथं खातं कुठून असणार?"

बाजव्याजवळच्या एका कारखान्यात मी तीस वर्षे हिशेब लिहीत आलो आहे. कंपनीचे पैसे असे कुणाच्या खाजगी खात्यात घेत नाहीत, हे मला ठाऊक होते. तरी स्लिप पुरी करून मी त्यांच्या हातात दिली.

श्रीपतराव मांजलपुरात आमच्या सोसायटीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहत. आजोबा संस्थानच्या दफ्तरात होते, वडीलही कारकून, आणि श्रीपतराव एका सरकारी कचेरीत छत्तीस वर्षे आवक-जावक टेबलावर. हातात पत्र आले की मजकुराआधी ते त्याचा जावक क्रमांक पाहत. निवृत्तीनंतर सोसायटीतले लोक बँकेचे, विम्याचे कागद त्यांच्याकडे आणू लागले. शिर्केकाकांनी पाहिले म्हटल्यावर माणूस निर्धास्त सही करी.

त्यांची मुलगी देवश्री इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून छाणीच्या एका वर्कशॉपमध्ये पॅनेल जोडायची. पगार चार हजार दोनशे. नोकरीच्या एका वेबसाइटवर तिने आपली माहिती टाकली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात ई-मेल आला: मस्कतजवळच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पात टेक्निशियनची जागा, महिना बासष्ट हजार. मुलाखत नाही. व्हिसा आणि अनामतीचे पैसे आठ दिवसांत भरायचे, पहिल्या पगाराबरोबर ते परत मिळणार. सायबर कॅफेतून छापून आणलेले ते पत्र श्रीपतरावांनी उलटसुलट पाहिले. मी तिथेच बसलो होतो.

"जावक क्रमांक कुठाय?"

"बाबा, ई-मेल आहे तो. त्याला कसला क्रमांक?"

"क्रमांकाशिवाय पत्र कचेरीतून बाहेर पडत नाही."

"तुमच्या कचेरीतून काहीच बाहेर पडत नव्हतं," श्रीपतरावांच्या पत्नी वसुंधरावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

श्रीपतराव हसले, पण हटले नाहीत. त्यांनी देवश्रीकडून उत्तर लिहवून घेतले. क्रमांक कसा असावा याचा नमुनाही दिला: आधी विभाग, मग ठिकाण, साल, शेवटी अनुक्रम.

"या क्रमांकापायी ऑफर जाईल हं," देवश्री कुरकुरली आणि कॅफेकडे गेली.

तासाभरात ती नवे पत्र घेऊन परतली. चूक दाखवल्याबद्दल आभार, खाली गोल शिक्का, वर नमुन्याबरहुकूम क्रमांक. अनुक्रम १८७.

"बघ, शिस्तीची कंपनी आहे," श्रीपतराव म्हणाले. ते पत्र त्यांनी साऱ्या सोसायटीला दाखवले. कुठल्याही कचेरीतून दुरुस्तीचे पत्र आठ दिवसांच्या आत निघत नाही, हे त्यांना पुढे आठवले आणि त्यांनीच मला सांगितले. कंपनीचा ई-मेल पत्ता कुणालाही फुकट मिळणाऱ्या सेवेचा होता, हेही आम्हा कुणालाच खटकले नव्हते.

पैसे भरल्यावर देवश्रीने वर्कशॉप सोडले. "जा बेन, पण जग्या नहीं राखुं," शेठ म्हणाले; जागा राखून ठेवणार नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. आठवड्याने विम्यासाठी आणखी बावीस हजारांची मागणी आली. शंका येऊन तिने फोन केला. दोन दिवस तो वाजत राहिला, मग कायमचा बंद झाला. जुलै लागेपर्यंत सगळे कळून चुकले होते.

"पोलिसांत जाऊ या," मी म्हणालो.

"आणि सांगू काय? छत्तीस वर्षं कागद तपासले आणि घरचाच ओळखता आला नाही? तुम्हीही कुठं बोलू नका."

मी बोललो नाही. व्हिसाला वेळ लागतोय, असे लोकांना सांगितले गेले. देवश्री छाणीला परत गेली. तिच्या जागी दुसरा मुलगा बसला होता. तिला पॅकिंगचे काम मिळाले, दोन हजार सहाशेवर.

ऑगस्टच्या शेवटी शेजारच्या इमारतीतल्या चिमणाबाई पेढे घेऊन आल्या. त्यांचे यजमान रेल्वेत होते, दोन वर्षांपूर्वी वारले. मुलगा दिग्विजय नोकरी शोधत होता. श्रीपतराव आणि मी कॅरम खेळत होतो.

"शिर्केभाऊ, तोंड गोड करा. आमच्या दिग्याचंही झालं, देवश्रीच्याच कंपनीत! सोमवारी अडतीस हजार सातशे पन्नास भरले."

"मला आधी दाखवलं नाहीत?"

"दाखवणारच होते. पण म्हटलं, क्रमांक आहे ना. तुम्हीच सांगता, आधी क्रमांक बघा म्हणून. देवश्रीच्या पत्रावर होता तस्साच आहे."

श्रीपतरावांनी पत्र घेतले. विभाग, ठिकाण, साल. अनुक्रम २१४. हातातला पेढा त्यांनी खोक्यात परत ठेवला.

"चिमणाबाई, आमचं पत्र खोटं होतं. कळून दोन महिने झाले."

बाईंनी खोक्याचे झाकण लावले. "मग बोलला का नाहीत, भाऊ?"

श्रीपतरावांनी पत्राची घडी करून त्यांना परत दिले. बाई गेल्यावर त्यांनी मला विचारले, "आमचा एकशे सत्त्याऐंशी, यांचा दोनशे चौदा. मधले सव्वीस कोण असतील हो?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांत अर्ज दिला. माझ्या अक्षरातली स्लिप जोडली. प्रतीवर आवक क्रमांक मिळाला. पुढे काही झाले नाही.

त्याच संध्याकाळी सोसायटीच्या फळ्यावर श्रीपतरावांच्या अक्षरात कागद लागला: 'माझी फसवणूक झाली. मी गप्प राहिलो म्हणून दुसऱ्यांचीही झाली. नोकरी देणारा पैसे मागत नाही. मागत असेल तर ती नोकरी नाही. मुलाखतीशिवाय कुणी बासष्ट हजार देत नाही. पत्रातला फोन लावू नका, कंपनीचा नंबर स्वतः शोधून विचारा. शिक्का आणि क्रमांक कुणालाही छापता येतात.' त्या कागदावर त्यांनी क्रमांक घातला नव्हता.

त्यानंतर त्यांच्याकडे कागद घेऊन कुणी आले नाही. दिग्विजय जिन्यात भेटला तरी बोलत नसे. चिमणाबाईंच्या पैशांपैकी अर्धे, म्हणजे १९,३७५ रुपये, आपण द्यायचे असे श्रीपतरावांनी ठरवले. ऑक्टोबरपासून दर महिन्याला पेन्शन झाली की पाचशे रुपये नेऊन देत. बाई ते घेत आणि दार लावून घेत.

फेब्रुवारी २०१० चा हप्ता देऊन आठ दिवसांनी श्रीपतराव हृदयविकाराने गेले. मार्चपासून देवश्रीने हप्ते चालू ठेवले. आठ दिले. दिवाळीत छाणीचे वर्कशॉप बंद पडले.

चिमणाबाईंचे ८७५ रुपये अजून द्यायचे आहेत.