रकान्यातलं ‘होय’

डांगखाडीच्या मच्छीमार सोसायटीत मंदा तरे कारकून म्हणून लागली, तेव्हा ती नुकतीच बारावी पास झाली होती. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. सातपाटी-मुरब्याच्या पट्ट्यातल्या तांडेलांना, म्हणजे बोटींच्या म्होरक्यांना, ती चेहऱ्यापेक्षा आवाजानेच जास्त ठाऊक. दुपारचे चार वाजले की ती वायरलेस संचासमोर बसायची आणि समुद्रात गेलेल्या एकेका बोटीची हजेरी घ्यायची. फार लांबच्या बोटीचा आवाज किनाऱ्याला पोचत नसे. मग मधली बोट तिचा निरोप पुढे सांगायची, “ताय, धनसागर ठीक हाय, जाळी टाकलेली हाय.” चौतीस बोटींची हजेरी वीस मिनिटांत उरकायची. कोणाचा घसा बसलाय, कोणाचं खलाशांशी वाजलंय, हेही तिला नुसत्या आवाजावरून कळायचं.

मंदाची एक खोड होती आणि गाव तिची त्यावरून मनसोक्त थट्टा करायचं. कागदावर लिहिलं ते खरं असलंच पाहिजे, हा तिचा हेका. एकदा चेअरमन सुजित मेहेर म्हणाले, “मंदा, सभा झाली म्हणून लिवून टाक.” तिने पेन खाली ठेवलं, भर उन्हात दारोदार हिंडून अकरा जणांना ओढून आणलं, सभा भरवली आणि मगच लिहिलं. अशा माणसाच्या हातात सरकारी फॉर्म देऊ नये. पण सोसायटीत लिहिणारं दुसरं होतं कोण?

गेल्या वर्षी किनारपट्टीची गावं नेटवर्कने जोडायची योजना आली. पालघरला एका हॉलमध्ये कार्यशाळा झाली, चहा-वडे झाले. पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा आणि त्यावर हिरवे ठिपके. जिथे नेटवर्क पोचतं तिथे धंदा पोचतो, असं साहेबांनी सांगितलं. जे गाव शंभर टक्के जोडलेलं ठरेल, त्याला शीतगृह आधी मिळणार होतं. मंदाला हे मनापासून पटलं. गावातली निम्मी पोरं बोईसरच्या कारखान्यांत कंत्राटावर राबायला जात होती. शीतगृह झालं तर पापलेट पडेल त्या भावात विकावं लागणार नाही आणि पोरं घरी राहतील, एवढा साधा हिशेब तिला कळत होता.

योजनेच्या फॉर्मच्या शेवटच्या रकान्यात प्रश्न होता : जुनी संपर्कव्यवस्था पूर्णपणे बंद केली आहे का?

‘नाही’ लिहिलं की गाव शंभर टक्क्यांतून बाहेर. असला प्रश्न ज्याला सुचला, तो कधी होडीत तरी बसला होता की नाही, देव जाणे. चेअरमन म्हणाले, “होय लिव नि सोड.” मंदाने ‘होय’ लिहिलं. आणि मग स्वभावाप्रमाणे ते खरं करायला निघाली.

सोसायटीच्या गच्चीवरचा अँटेना तिने उतरवून घेतला. बोटीबोटीवर जाऊन सगळ्यांना संच काढायला लावले. तिचा धाकटा भाऊ भिका हा धनसागरचा तांडेल. तो तेवढा अडून बसला.

“नवीन यंत्र लावला ना, मग जुना ऱ्हाऊ दे की बाजूला. तू हाक मारलीस म्हंजे बरा वाटतं, ताय.”

“शीतगृह पायजे ना तुला? मग बंद म्हंजे बंद.”

भिकाने संच काढला आणि घरच्या माळ्यावर टाकला.

योजनेतून प्रत्येक बोटीवर बसवलेलं नवीन यंत्र उपग्रहाशी बोलायचं. किनाऱ्यावर मोबाईलमध्ये बोटीचा हिरवा ठिपका दिसायचा. संकटात तांडेलाने बटन दाबलं की ठिपका लाल. भिकाची बायको शालू पोळ्या लाटता लाटता नवरा कुठे आहे ते बघायची आणि शेजारणींना दाखवायची. व्यापारी आदल्या दिवशीच भाव कळवू लागले. खोटं कशाला बोला, चार पैसे जास्त सुटले. मंदाला मात्र चार वाजले की उगाच बेचैन व्हायचं. एवढ्या माणसांतला एकही आवाज कानावर पडत नव्हता. पण शब्द दिला होता, तोही लेखी.

यंदा ऑक्टोबरमध्ये समुद्रात वादळी हवेचा इशारा आला. यंत्रांवर संदेश गेले आणि दोन दिवसांत तेहतीस बोटी खाडीत शिरल्या. धनसागर आली नाही. भिका आणि सहा खलाशी बाहेरच होते.

“हिरवा हाय, म्हंजे बरी हाय,” शालू म्हणाली.

मंदाने ठिपका नीट पाहिला. कालच्या सकाळपासून तो तसूभरही हलला नव्हता. नांगरलेली बोटसुद्धा भरती-ओहोटीला जागा सोडते. तिने मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, लास्ट सिग्नल जहाँ मिला, बोट वहीं दिखती है. लाल नहीं है ना? मतलब किसी ने बटन नहीं दबाया.”

यंत्रच बंद पडलं असेल तर दाबलेलं बटन कळणार कोणाला?

तिने तटरक्षकांना फोन केला. अधिकाऱ्याने बोटीचं नाव आणि माणसं विचारली. मग म्हणाला, “बोटीशी शेवटचं बोलणं कधी झालं?”

“थांबा साहेब, विचारून सांगते,” म्हणून तिने शेजारच्या गावच्या सोसायटीतल्या अण्णांना फोन लावला. त्यांच्या गावानेही ‘होय’ लिहिलं होतं.

“लिवला ना. लिवायला काय जातं?” अण्णा म्हणाले. “संच चालूच हाय आमचा. काल हजेरीला सगळ्या बोटी बोलल्या, आज सगळ्या घरी.”

“आमची धनसागर कोणी ऐकली?”

“ऐकणार कशी, पोरी? संच तूच काढायला लावलास ना? पण आमच्या एका तांडेलानं पायली तिला काल दुपारी. लांबून. जाळी टाकून उभी होती म्हनला. भिका हात करत होता.”

“मग?”

“त्याला वाटला, रामराम करतो. त्यानंबी हात केला नि घरची वाट धरली.”

मंदाने जागा विचारून घेतली. आकडे नीट लिहिले. सव्वीस वर्षांच्या खरेपणाची तिला शिसारी आली. खोटं लिहिणाऱ्या गावाच्या सगळ्या बोटी खाडीत होत्या. तिने तटरक्षकांना पुन्हा फोन लावला. बाहेर वारा वाढला होता आणि शालू मोबाईल हातात धरून दारात येऊन उभी राहिली होती.

अधिकाऱ्याने जागा लिहून घेतली. “मघाशी विचारलं होतं. बोलणं कधी झालं?”

मंदाने शालूकडे पाहिलं.

“अकरा महिने झाले, साहेब,” ती म्हणाली. “मीच बंद करायला लावलं.”